मुलांसाठी दुसऱ्याचं मन कळणारी पुस्तकं निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरच्या छोट्याशा बालवाचनालयात दर शनिवारी मुलं येतात आणि मुलं घरी पोचली की त्यांच्या आईबाबांचे मेसेज सुरू होतात. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आले की शेवटी एका जागी लिहून काढले. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त नावं काढलीत. सोपे आधी, अवघड नंतर, आणि जिथे तीच गोष्ट परत सांगावी लागली असती तिथे कुठल्या नंबरवर बघायचं ते लिहिलंय.

१. एम्पथीची पुस्तकं म्हणजे नक्की काय? बोधकथाच ना त्या?

नाही, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. बोधकथेत काय करायचं ते शेवटच्या ओळीत सांगून टाकलेलं असतं, खोटं बोलू नये, गर्व करू नये, झालं. मुलाला ते पाठ होतं पण गोष्टीतल्या कुणाच्याच जागी ते जाऊन बसत नाही. मी ज्या पुस्तकांबद्दल बोलतेय त्यात मूल वाचता वाचता थोडा वेळ दुसरंच कुणीतरी होतं, त्या दुसऱ्याची भूक, लाज, हट्ट, खोडी सगळं आतून अनुभवतं. सहानुभूती म्हटलं की आपल्याला दया आठवते, म्हणजे मी वर उभा आणि तो खाली बसलेला. तसली दया शिकवणारी पुस्तकं मराठीत भरपूर आहेत आणि ती मी आमच्या कपाटात ठेवत नाही.

२. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे, आत्तापासून काही देता येईल का?

येईल की. या वयात विषय-बिषय काही नको, चेहरे पाहिजेत. चित्रातलं बाळ का रडतंय, मांजर कुठे लपलंय, आजोबा काठी का घेतात. माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' मी या वयाच्या प्रत्येक घराला सुचवते कारण त्यात एक लहान मुलगी घरातली माणसं एकेक करून बघते, आणि दुसऱ्याकडे बघण्याची सुरुवात घरातल्या माणसांपासूनच होते. पाच-सहा वर्षांपर्यंत हेच, मग मित्रांची भांडणं, वर्गात नवीन आलेलं मूल, वाटून घेणं. अन्याय हा शब्द साधारण आठव्या-नवव्या वर्षी मुलांच्या तोंडी फार येतो, "हे फेअर नाहीये" असं दिवसातून दहादा ऐकू यायला लागलं की समजा वेळ झाली. हे सगळं ढोबळ आहे, शेवटी आपलं मूल बघून ठरवा.

३. दुकानात उभं राहून पाच-दहा मिनिटांत पुस्तक कसं पारखायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी आधी मजकूर वाचतच नाही, नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जाते. कोण धावतंय, कोण चढतंय, कोण ठरवतंय, आणि कोण नुसतं कोपऱ्यात उभं राहून बघतंय. पुष्कळ पुस्तकांत काळीसावळी मुलगी, कुबड्या घेतलेला मुलगा, पत्र्याच्या घरातला मुलगा हे शेवटच्या ग्रुप फोटोत असतात पण मधल्या पानांवर त्यांना काही कामच नसतं.

मग मजकूर. ज्या मुलाला आपण वेगळा म्हणतो तो या गोष्टीत स्वतःहून काय करतो? त्याला नाव आहे का की नुसता 'एक गरीब मुलगा'? तो कधी चिडतो का, खोटं बोलतो का, चिंचा चोरतो का? की तो फक्त भेट घेतो आणि थँक्यू म्हणतो? मला खोडकर असलेला दिव्यांग मुलगा भेटला की मी ते पुस्तक लगेच उचलते, इतकं ते दुर्मिळ आहे.

एका शब्दावर माझं कायम लक्ष असतं, 'सुद्धा'. "डोळ्यांनी दिसत नसूनसुद्धा ती किती हुशार", "झोपडपट्टीत राहूनसुद्धा तो प्रामाणिक". या एका 'सुद्धा'मध्ये लेखकाच्या मनात आधी काय होतं ते सगळं दिसतं, आणि मुलं ते बरोबर उचलतात.

शेवट नक्की बघा. तीन शेवट आले की मी पुस्तक परत ठेवते. एक, चमत्कार होऊन मुलगा बरा होतो. दोन, तो एकदम कुणाचा तरी जीव वाचवतो आणि मग सगळे त्याला खेळायला घेतात, म्हणजे साधं खेळायला घेण्यासाठी आधी हीरो व्हावं लागतं. तीन, तो मरतो आणि बाकीची मुलं शहाणी होतात.

आणि भाषा. मराठी पुस्तकांत एक गोष्ट इतकी सर्रास होते की ती आपल्याला दिसेनाशी झालीय. नायकाचं घर प्रमाण मराठी बोलतं आणि चोर, वेंधळा नोकर, कामवाली मावशी तेवढे "काय वं ताई" करतात. बोलीभाषा फक्त हसण्यापुरती आली असेल तर ते पुस्तक गावाकडून आलेल्या मुलाला, स्वतःच्या आजीसारखं बोलणाऱ्या मुलाला, तू हसण्यासारखा आहेस असं सांगतंय. याउलट आख्खी गोष्ट वऱ्हाडीत, अहिराणीत किंवा मालवणीत असेल आणि नायकच तसा बोलत असेल तर आनंदाने घ्या, एखादा शब्द नाही कळला तर विचारतील मुलं.

शेवटी एक पान मोठ्यानं वाचून बघा, अगदी दुकानदार बघत असला तरी. तुम्हालाच कंटाळा आला तर विषय कितीही चांगला असू दे, ठेवून द्या. मुलं कंटाळवाण्या पुस्तकातून काहीच घेत नाहीत.

४. मराठीत मिळतात का पण अशी पुस्तकं? मला सगळं इंग्लिशमध्येच दिसतं.

मिळतात, शोधावी लागतात एवढंच. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका, प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं, चेन्नईच्या तूलिकाची मराठी-इंग्रजी द्विभाषिक पुस्तकं, इथून सुरुवात करा. मासिकांत बारक्यांसाठी 'चिकूपिकू', मोठ्यांसाठी 'किशोर' आणि 'वयम्'. स्वतः पालकांनी वाचावं असं काही हवं असेल तर 'पालकनीती'. मी मुद्दाम पंचवीस नावांची लिस्ट देत नाहीये कारण तशी लिस्ट दिली की लोक ती ऑर्डर करतात आणि प्र. ३ वाचतच नाहीत, आणि घरी आलेलं पुस्तक आपल्या मुलासाठी योग्य आहे का हे बघायचं राहून जातं.

५. एवढी पुस्तकं विकत घेणं परवडत नाही हो. काय करू?

विकत घ्यायची गरजच नाही. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट २०१५ पासून फुकट आहे, मराठीत खूप गोष्टी आहेत, वाचनाच्या पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या आहेत आणि मुक्त परवान्यात असल्यामुळे प्रिंट काढून वर्गात वाटल्या तरी चालतं. 'किशोर' बालभारती १९७१ पासून काढतंय आणि जुने अंक ऑनलाइन वाचायला ठेवलेत. गावातल्या वाचनालयात जा आणि बालविभागाची चौकशी करा, नसेल तर लेखी मागणी द्या. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि अनुदान घेणाऱ्या वाचनालयाकडे वाचकाने पुस्तक मागणं हा काही आगाऊपणा नाही. महाबळेश्वर-पाचगणीला फिरायला गेलात तर भिलारला एक दिवस ठेवा, २०१७ मध्ये ते पुस्तकांचं गाव झालं, घराघरात पुस्तकं आहेत, बसा आणि वाचा. आणि चार घरांनी मिळून प्रत्येकी तीन पुस्तकं घेतली तर बारा पुस्तकं होतात, आमचं वाचनालय तसंच सुरू झालं.

६. तुम्ही सारखं "आरसा आणि खिडकी" म्हणता, ते काय आहे?

माझं नाहीये ते. रुडीन सिम्स बिशप नावाच्या अमेरिकन प्राध्यापक बाईंनी १९९० मध्ये मांडलं, तिथल्या कृष्णवर्णीय मुलांना पुस्तकांत स्वतःसारखं कुणी दिसतच नाही हे बघून. पुस्तक हा मुलाला स्वतःचं घर दाखवणारा आरसा असतो आणि दुसऱ्याचं घर दाखवणारी खिडकीही असते, आणि सरकवून आत जाता येईल असं काचेचं दारही. आपल्याकडे हिशेब सरळ आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, आडनाव ऐकून कुणी भुवई न उंचावणाऱ्या मुलाला आरसेच आरसे मिळतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलीला, जिची शाळा दिवाळीच्या आगेमागे सुटते आणि गाळप संपल्यावरच परत जोडली जाते, तिला सगळ्या खिडक्याच मिळतात. तेव्हा आधी आपल्या मुलाकडे कशाची कमतरता आहे ते बघा आणि ते घ्या. घरातल्या पुस्तकांचा ढीग जमिनीवर मांडून मुलांनाच मोजायला लावा की यातल्या किती जणांकडे गाडी आहे, किती जणांची आजी शेतात जाते. मोजताना त्यांना जे दिसतं ते आपण सांगून दिसलं नसतं.

७. दिव्यांग मुलाची गोष्ट वाचली तर माझा मुलगा "बिच्चारा" म्हणाला. चुकलं का माझं?

तुमचं नाही, बहुतेक पुस्तकाचं चुकलं. प्र. ३ मधल्या कसोट्या त्या पुस्तकाला लावून बघा.

मी अशा वेळी 'तोत्तोचान' देते, साधारण आठ वर्षांच्या पुढे, त्याआधी वाचून दाखवा. जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागींच्या, म्हणजे छोट्या तोत्तोचानच्या, लहानपणीची टोकियोतली शाळा आहे ती, रेल्वेच्या डब्यात भरणारी, आणि मराठीत चेतना सरदेशमुख गोसावींनी इतकं छान आणलंय की भाषांतर आहे हे विसरायला होतं. त्यात पोलिओ झालेल्या यासुआकी-चानला तोत्तोचान आपल्या झाडावर चढवते. दोघं घामाघूम होतात, शिडी कमी पडते, एकदा सगळं फसतं. तिथे कुणी कुणाची कीव करत नाही कारण दोघांनाही एकच गोष्ट हवीय, झाडावर जायचंय. आणि मुख्याध्यापक खेळांच्या दिवशी शर्यतीच अशा आखतात की हातपाय आखूड असलेला ताकाहाशी प्रत्येक शर्यत जिंकतो. आमच्याकडचा एक मुलगा हे ऐकून म्हणाला, म्हणजे आपल्या शाळेतल्या शर्यती पण कुणीतरी आखल्यात, त्या तशाच असायला पाहिजेत असं काही नाही. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. पुस्तकांत मात्र व्हीलचेअर आणि काळा चष्मा, संपलं. ऐकू न येणारं मूल, अक्षरं उलटीपालटी दिसणारं मूल, स्वमग्न मूल, बाहेरून काहीच दिसत नाही असं आजारपण असलेलं मूल, हे आपल्या मुलाच्या वर्गात बसलेलं असायची शक्यता जास्त आहे, तेव्हा तशी पुस्तकं मुद्दाम शोधा.

८. जातीबद्दल मुलांना कशाला सांगायचं? आमच्या घरी आम्ही मानतच नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो हे मला माहितीये म्हणून शांतपणे सांगते. तुमच्या घरी मानत नाहीत, पण तुमचं मूल शाळेत जातं, आणि तिसरी-चौथीत कधीतरी कुणीतरी कुणालातरी "तुमच्यात काय खातात" किंवा "तुझं पूर्ण नाव सांग" असं विचारतंच. तेव्हा एका मुलाला घरी आधीच सगळं माहिती असतं कारण त्याच्या घरात ते टाळता येत नाही. न सांगणं परवडणं हीच एक सोय आहे आणि ती प्रत्येक घराला नसते.

कसं सांगायचं तर मुलांच्या वयाच्या माणसापासून. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलेली एक आठवण आहे, १९०१ ची. साताऱ्याहून ते, त्यांचा भाऊ आणि भाचे आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरतात, वडिलांना भेटायला गोरेगावला जायचंय, नवे कपडे, खूप आनंदात. स्टेशनमास्तर आधी प्रेमाने विचारपूस करतो आणि जात कळल्यावर मागे सरतो. बैलगाडीवाले न्यायला तयार होत नाहीत. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी मुलांनीच हाकायची असं ठरतं, आणि जवळ डबा असूनही प्यायला पाणी मिळत नाही म्हणून रात्र उपाशी जाते. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना मी हे सांगते तेव्हा कुणालाच काही समजवावं लागत नाही. तहान काय असते ते प्रत्येकाला माहितीये. पुतळ्यातले, फोटोतले, निळ्या कोटातले बाबासाहेब त्यांना माहिती असतात, स्टेशनवर बसून राहिलेला तो मुलगा माहिती नसतो.

आणि मुक्ता साळवे. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी, मांग समाजातली. शाळकरी वयात तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' नियतकालिकात छापून आला. मुलांना हे सांगा की निबंध हा फक्त "माझा आवडता ऋतू" नसतो. सावित्रीबाईंवरची बालपुस्तकं बाजारात भरपूर आहेत पण त्यात बाई शेण झेलतात आणि मुली नुसत्या शिकतात. शिकलेल्या मुलीने पुढे काय लिहिलं हे ज्या पुस्तकात असेल ते घ्या.

एक जपा. अन्यायाच्या गोष्टी सांगताना दलित पात्र फक्त सोसताना दिसलं तर तेही अर्धवट होतं. त्याच आठवड्यात एक अशी गोष्ट वाचा ज्यात तशा घरातलं मूल पतंग उडवतंय, बहिणीशी भांडतंय, काहीही साधं करतंय.

९. 'श्यामची आई' आजच्या मुलांना द्यावं का?

द्या, पण सोबत बसा. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि त्यात गेल्या शतकातलं कोकणातलं एक घर आहे, त्या घरातल्या समजुतींसकट. एका प्रकरणात मोळी उचलता न येणाऱ्या म्हाताऱ्या महार बाईला मदत करायला आई श्यामला पाठवते, आणि घरी आल्यावर आंघोळही करायला सांगते. मोठी माणसं हे वाचताना ती आंघोळ पटकन पुढे ढकलतात. मुलं नाही ढकलत, ती लगेच विचारतात की चांगलं काम केलं तर आंघोळ का. तो प्रश्न आला की पुस्तक बंद करून बोला. आणि हे पण सांगा की हाच लेखक १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसला. माणूस आईने शिकवलेलंच घेऊन आईच्याही पुढे जाऊ शकतो, हे बघायला मिळणं मुलांसाठी फार मोठं आहे.

१०. जुन्या लोककथांचं काय करायचं? सावत्र आई, नावडती राणी, काळी राक्षसीण... टाकून द्यायच्या?

मी टाकत नाही. चिऊ-काऊचीच गोष्ट घ्या ना. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं, पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं, तो भिजत दारात उभा आणि चिऊताई आतून म्हणते थांब माझ्या बाळाला आंघोळ घालते, थांब तीट लावते. काही घरी तर पुढे काऊ चुलीपाशी बसतो आणि भाजतो. आपण लहानपणी हे हसत ऐकलं. आता मी वाचनालयात दाराबाहेर एका मुलाला काऊ म्हणून उभं करते आणि चिऊ आतून तेच सगळं बोलते. तिसऱ्या "थांब"ला बाकीची मुलं ओरडायला लागतात, उघड ना दार! मग विचारते शेणाचं घर त्याने स्वतः निवडलं होतं का. सहा वर्षांची मुलं यावर वीस मिनिटं भांडतात.

तर गोष्ट ठेवा, बाजू बदलून सांगा. सावत्र आईची बाजू, नावडतीची बाजू. पण एक अपवाद, चित्रात राक्षस काळा आणि राजकन्या गोरीच असेल आणि आख्ख्या संचात एकही सावळा चांगला माणूस नसेल तर तो संच मी लहानांना देत नाही. चित्र पाच वर्षांच्या मुलाशी वाद घालत नाही, ते सरळ आत जातं.

११. माझा मुलगा "मुलींची पुस्तकं" हातच लावत नाही.

मुखपृष्ठ न दाखवता मोठ्यानं वाचून दाखवा, दोन पानांनंतर विसरतो तो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आईबाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र टाकलं तर केवढी चर्चा झाली, म्हणजे तोवर किती पुस्तकांत बाबा फक्त पेपर वाचत बसले होते बघा. मुलासाठी रडणारा, घाबरणारा, स्वयंपाक करणारा मुलगा असलेली पुस्तकं शोधा, शूर मुलींची पुस्तकं मुलींनाच देऊन हे काम अर्धंच होतं.

१२. आदिवासी जीवनावरचं पुस्तक हवंय. वारली चित्रं असलेलं घेतलं तर चालेल?

नुसत्या वारली बॉर्डरवर जाऊ नका. ती चित्रं मुळात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर बायकांनी काढायची, त्यांना अर्थ होता, आता ती कपबशीवर आणि कुठल्याही पुस्तकाच्या कडेला असतात. आत गोष्ट कुणाची आहे ते बघा. कातकरी, कोलाम, माडिया, भिल्ल, ठाकर हे सगळे वेगवेगळे लोक आहेत, वेगळ्या भाषा, वेगळे डोंगर, आणि पुस्तकात नुसतं "आदिवासी लोक जंगलात आनंदाने राहतात" असं असेल तर लेखक तिथे गेलेला नाही. आश्रमशाळेत राहणारी, सुट्टीत घरी जायची वाट बघणारी, मराठी शिकताना अडखळणारी मुलगी त्यात असेल तर घ्या. तुमचं मूल इंग्लिश मीडियममध्ये अडखळलेलं असतंच, त्याला ती लगेच कळते.

१३. वेगवेगळ्या धर्मांची ओळख करून द्यायची आहे. सणांचा सेट घेऊ का?

घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या सेटमध्ये मुसलमान मुलगा फक्त ईदला येतो, शीरखुर्मा देतो आणि जातो, ख्रिश्चन मुलगी फक्त नाताळात. बाकी वर्षभर ती कुठे असतात? मला हवंय असं पुस्तक की ज्यात आयेशाचा दात पडलाय आणि तो सापडत नाहीये, बस. सणाचीच गोष्ट हवी असेल तर प्रेमचंदांची 'ईदगाह'. छोट्या हमीदकडे तीन पैसे असतात, बाकीची मुलं मिठाई, खेळणी घेतात आणि हा आजीची बोटं भाजतात म्हणून लोखंडी चिमटा घेतो. ऐकणाऱ्या मुलांच्या डोळ्यांपुढे तेव्हा स्वतःची आजी येते, धर्माची ओळख वगैरे मागेच राहते, आणि तेच हवंय. मित्रांकडून येणाऱ्या प्रश्नांसाठी प्र. ८ पण बघा.

१४. वाचून झाल्यावर काय विचारू? तात्पर्य सांगायचं ना?

कृपया नको. "मग यातून आपण काय शिकलो" हे वाक्य ऐकलं की मुलं शाळेतलं उत्तर देतात आणि विषय मिटतो. गप्प बसा थोडा वेळ. मग वाटलंच तर विचारा, तुला कुणाचा राग आला? हीच गोष्ट त्या दुसऱ्या मुलीने सांगितली असती तर कशी सांगितली असती? कधीकधी उत्तर तीन दिवसांनी आंघोळ करताना येतं. प्र. १० मधल्या काऊबद्दल एका मुलीने आठवड्याने विचारलं होतं, की आपल्या बिल्डिंगचे वॉचमन काका पावसात कुठे बसतात.

१५. गोष्ट ऐकून मुलगी खूप रडली. असली पुस्तकं बंद करू का?

रडली म्हणजे गोष्ट पोचली. जवळ घ्या, "रडू नको, खोटं आहे ते" असं म्हणू नका. झोपायच्या आधी वाचू नका, दिवसा वाचा. मात्र घरात नुकतंच कुणी गेलं असेल, आईबाबांचं पटत नसेल, मूल स्वतः कशातून तरी जात असेल तर त्याच विषयाचं पुस्तक लगेच पुढे करू नका. रात्री दचकून उठणं, जेवण तुटणं असं काही दिवस चाललं तर पुस्तक बाजूला ठेवा आणि डॉक्टरांशी, समुपदेशकांशी बोला.

१६. आजी-आजोबांना हे पटत नाही, "लहान मुलांच्या डोक्यात काय भरवता" म्हणतात.

त्यांनाच सांगायला बसवा. तुमच्या लहानपणी गावात पाणवठे किती होते, कोण कुठून पाणी भरायचं, हे नातवाने विचारू दे. आमच्याकडे एका आजींनी यावर अर्धा तास सांगितलं आणि शेवटी त्याच म्हणाल्या की आमचं चुकायचं. सगळीकडे असं होईलच असं नाही, पण वाद सुनेने घालण्यापेक्षा प्रश्न नातवाने विचारलेला बरा असतो.

१७. आम्ही परदेशात राहतो, इथल्या मुलांना इथलीच पुस्तकं पुरेत ना?

तिथे तुमच्या मुलाचा डबा वेगळा, नाव उच्चारायला अवघड, म्हणजे तिथे त्याला आरसा लागतो. पण सुट्टीत पुण्याला, नागपूरला आलं की तेच मूल बहुसंख्य होतं आणि कामाच्या मावशींना नावाने हाक मारतं. तिथली वंशभेदावरची पुस्तकं वाचलेल्या मुलालाही जातीबद्दल काही माहिती नसतं, म्हणून प्र. ८ तुमच्यासाठीही आहे. मराठी वाचता येत नसेल तर स्टोरीवीव्हरवर एकच गोष्ट दोन भाषांत मिळते, शेजारी ठेवून वाचा.

१८. एवढी पुस्तकं वाचूनही तो वर्गातल्या मुलाला चिडवतो. मग उपयोग काय?

पुस्तक म्हणजे औषधाची गोळी नाही. मूल पुस्तकात जे वाचतं त्याच्या शंभरपट घरात बघतं. कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळ्या कोपऱ्यात आहे का? लिफ्टमध्ये डिलिव्हरीवाल्या दादाला घेता का? फोनवर कुणाच्या आडनावावरून हसलात का? हे मी प्रत्येकाला विचारते आणि बऱ्याच जणांना ते आवडत नाही, पण मला दुसरं उत्तर माहिती नाही. चिडवण्याचं आधी थांबवा, ज्याला चिडवलं त्याच्याशी आणि शिक्षकांशी बोला, मग पुस्तक. आणि त्या दिवशी "बघ, त्या गोष्टीतल्या मुलासारखं करतोयस तू" असं म्हणून पुस्तकाची शिक्षा करू नका, ते पुस्तक मग तो परत उघडणार नाही.

१९. माझी मुलगी स्वतः अडखळत बोलते. तिच्या बाई म्हणतात, अडखळणाऱ्या मुलीची गोष्ट वर्गात वाचू म्हणजे मुलं समजून घेतील. हो म्हणू का?

आधी मुलीला विचारा. खरंच विचारा, "नाही" म्हणाली तर नाही. बाईंचा हेतू चांगला आहे पण ती गोष्ट वाचली जात असताना चाळीस डोकी मागे वळून तुमच्या मुलीकडे बघणार आहेत, आणि त्या चाळीस जणांसाठी जी खिडकी आहे ती तिच्यासाठी भिंगाखाली बसणं असू शकतं. घरी तिला तसं पुस्तक देऊ शकता, पण हातात कोंबू नका, बाकीच्या पुस्तकांत ठेवा, तिला हवं तेव्हा ती उचलेल. काही मुलं स्वतःसारखं कुणी सापडलं की तेच पुस्तक वीसदा वाचतात. काही मुलांना नेमकं ते नको असतं, त्यांना ड्रॅगन पाहिजे असतात, आणि ते पूर्णपणे बरोबर आहे. दृष्टिहीन मुलांच्या आईबाबांनाही मी हेच सांगते. सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयावर नोंदणी करून घ्या, आणि मग पुस्तक कुठलं ते मुलाला ठरवू द्या, प्रत्येक वेळी आंधळ्या नायकाचंच नको.

बाईंना एवढं सुचवा की ती गोष्ट तुमच्या मुलीच्या वर्गात न वाचता दुसऱ्या तुकडीत वाचा, किंवा वर्षभर वेगवेगळ्या मुलांच्या दहा-बारा गोष्टी वाचा आणि ती त्यातली एक असू दे, सहावी-सातवी कुठली तरी. आमच्याकडे असं केलं होतं. त्या शनिवारी ती गोष्ट संपली, कुणी कुणाकडे वळून बघितलं नाही, आणि जिच्यामुळे मी घाबरले होते ती मुलगी सगळ्यात आधी हात वर करून म्हणाली, पुढच्या वेळी भुताची वाचा.